शाळेने व्यसनप्रतिबंधासाठी मुलासोबत आम्हालाही सात शनिवार बोलावलंय. आमच्या घरात कुणालाच व्यसन नाही, मग आम्ही कशाला जायचं?

जा. आणि दोघंही जा. मी पुण्यात पालकांचे असे गट घेते. पहिल्या शनिवारी हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, बहुतेकदा एखादे बाबा, गाडीची किल्ली हातात खेळवत.

तिथे गांजा, एमडी (एक कृत्रिम अमली पदार्थ), व्हेप (ई-सिगारेट) यांचे फोटो दाखवून घाबरवतील असं वाटत असेल, तर तसं नसतं. असतं, तर मीच म्हटलं असतं, नका जाऊ. नुसती माहिती देऊन किंवा धाक घालून मुलं व्यसनापासून लांब राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१८ मध्ये काढलेल्या मानकांतही पालकत्वाच्या कौशल्यांवर भर आहे.

सात आठवडे म्हणजे बहुधा अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी बसवलेल्या कार्यक्रमाचा साचा असावा. पहिला तास मुलं एका खोलीत, पालक दुसऱ्या. दुसरा तास सगळे एकत्र. व्यसनाचा विषय त्यात बेताचाच. घरातले नियम कोणते, मोडले तर काय, चिडलेल्या पोराशी न ओरडता कसं बोलायचं, तो क्लास सुटल्यावर कुणाबरोबर असतो हे पोलिसी चौकशी न करता कसं कळेल, हेच जास्त.

आमच्या गटात आम्ही भूमिका उलट करतो. एकदा आठवीतला एक मुलगा बाबा झाला आणि बाबा मुलगा. बाबा सांगायला लागले, "आज मॅचमध्ये मला घेतलंच नाही." पोरगा मोबाईलवर अंगठा फिरवत, मान वर न करता, "हं... हं... आणि गणिताचा पेपर मिळाला का?" सगळी खोली हसली, बाबाही हसले. मग जरा वेळ गप्प बसले. व्यसनाचा शब्दही न काढता त्या दिवसाचं काम झालं. ज्या घरात मॅचचं रडगाणं ऐकलं जातं, तिथे 'मित्राने व्हेप पुढे केला' हेही सांगितलं जाण्याची शक्यता असते. एरवी ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं.

खात्रीचा इलाज मात्र समजू नका. आयोवातल्या अभ्यासात हा कार्यक्रम केलेल्या कुटुंबांतली मुलं दारू-सिगारेटकडे उशिरा वळलेली दिसली. पोलंडमध्ये तोच कार्यक्रम केला तर फरक सापडला नाही. घराघरात, देशादेशात फरक पडतो. माझं मत विचाराल तर अर्ध्यावर सोडणाऱ्यांना फारसं काही मिळत नाही, आणि आईला एकटीला पाठवणाऱ्या घरांना तर त्याहून कमी. नियम दोघांचे एक नसतील तर पोरं बरोब्बर मधून वाट काढतात.

आजी-आजोबा घरी असतील तर शाळेला विचारून त्यांनाही न्या. दुपारी पोरगा त्यांच्याच ताब्यात असतो, आणि गुपचूप पन्नासची नोट तेच देतात!

आणि हे सगळं व्यसनाला सुरुवात होण्याआधीचं. मुलगा आधीच काही नियमित घेत असेल, तर शनिवारांची वाट पाहू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात येरवड्याला १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच. तिथेही घरच्यांना सोबत बोलावतात.