मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुंबईत राहते. अर्गोनॉमिस्ट (काम माणसाच्या शरीराला आणि मनाला जुळवून घेणारा तज्ज्ञ) व्हायचं तर सीपीई, म्हणजे ‘सर्टिफाइड प्रोफेशनल अर्गोनॉमिस्ट’, करू, की दोन दिवसांचा सर्टिफिकेट कोर्स पुरेल?

दोन दिवसांच्या कोर्सवर पैसे घालवू नका. तेवढ्या कागदाच्या जोरावर लोक कारखान्यात शिरतात आणि कामगारांच्या पाठीचं वाटोळं करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते तेव्हा पॅकिंग लाइनवर पाठदुखीच्या तक्रारी वाढल्या. व्यवस्थापनाने एक ‘सर्टिफाइड’ सल्लागार आणला. त्याने स्ट्रेचिंग शिकवलं, ‘गुडघ्यात वाका’ची पोस्टरं लावली आणि सगळ्यांना कमरेचे पट्टे वाटले. थोड्याच दिवसांत पट्टे खिळ्याला लटकले. लाइनवरचे एक काका मला म्हणाले, "मॅडम, पट्ट्याने नुसतं घामोळं उठतं. पाठ दुखायची ती दुखतेच."

मग मी टेप घेऊन लाइनवर उभी राहिले. 18 किलोचा खोका पॅलेटवरून, म्हणजे माल रचायच्या बुटक्या चौकटीवरून, उचलून मीटरभर उंचीच्या कन्व्हेयरवर ठेवायचा. मिनिटाला चार, अख्खी पाळी. पॅलेट भिंतीला टेकवलेलं, त्यामुळे मागच्या रांगेतला खोका हात लांबवूनच घ्यावा लागे आणि अंग 45 अंश वळे. नायॉश ही कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी अमेरिकी सरकारी संस्था. किती वजन उचलणं ठीक, हे सांगणारं तिचं 1991 चं सूत्र 23 किलोपासून सुरू होतं. खोका घोट्यांपासून 50 सेंटिमीटर लांब असला की त्यातले थेट साडेअकरा उरतात. हात जमिनीपासून 15 सेंटिमीटरवर, की साडेनऊच्याही आत. उचलायची उंची, वळणं, पकड आणि मिनिटाला चारचा वेग धरला की हातात राहतात जेमतेम 3 किलो. म्हणजे ते काका दिवसभर सहापट उचलत होते. गुडघ्यात वाकून यातलं काय बदलणार होतं?

आम्ही पॅलेट भिंतीपासून ओढून चारी बाजूंनी फिरता येईल असं ठेवलं आणि त्याखाली दोन रिकामी पॅलेटं सरकवली. खर्च शून्य. खोका जवळ आला, हात वर आले, वळणं गेलं, आणि सहाचा आकडा तीनच्या खाली उतरला. एकपर्यंत आणायचा तर वेग कमी करायला हवा, माणूस वाढवायला हवा. तिथे व्यवस्थापन अडलं ते अडलंच. मीटिंगमध्ये मॅनेजरांनी मला विचारलं, "तुमच्याकडे अर्गोनॉमिक्सचं सर्टिफिकेट आहे का?" अहवालावर नाव सल्लागाराचं लागलं. मॅनेजरांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच: आपल्या माणसांना उचलायची पद्धत कळत नाही. अहो, पट्ट्यांनी धडधाकट कामगाराची इजा टळते याला पुरावा नाही, हे नायॉशने 1994 मध्येच सांगून ठेवलंय.

आता तुमचं. स्नायू, सांधे, मणका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. कमी पडेल ते दुसरीकडे: संख्याशास्त्र, शरीरमापन, कामाची आणि पाळ्यांची रचना, आणि माणसाचं लक्ष, स्मरण, चुका. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला चुकीचा अलार्म दिसला तर तिथे कंबर मोकळी करून काही होत नाही. फिजिओथेरपीकडून आलेले बहुतेक लोक या भागाला हातच लावत नाहीत आणि आयुष्यभर खुर्च्यांची उंची लावत बसतात. मापं भारतीय माणसाची वापरा. देबकुमार चक्रवर्तींचं एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) 1997 मध्ये काढलेलं शरीरमापनाचं पुस्तक जवळ ठेवा. रूला, रेबाचे (काम करतानाच्या शरीरस्थितीला गुण देणारे) तक्ते भरणं आता ॲपही करतं, तेवढ्याला कौशल्य म्हणू नका. मुंबईत सायनची केंद्रीय श्रम संस्था आणि पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र, ही दोन दारं आधी ठोठवा.

सीपीई अमेरिकेतल्या बीसीपीई या अर्गोनॉमिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचं. ही संस्था 1990 पासून आहे. पदवी, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि परीक्षा, तिन्ही बघते. म्हणून त्या कागदाला मी मान देते. पण तो सुरुवातीला मिळत नाही, मिळूही नये. आधी भिवंडीच्या गोदामांत जा, माथाडी कामगारांसोबत पाळी काढा, मग अर्ज भरा.

बाहेरदेशी जायचं असेल किंवा ऐरोली-बीकेसीतल्या परदेशी कंपन्यांची कामं घ्यायची असतील तर मात्र सीपीई लवकर मनावर घ्या, तिथे ते विचारतात. आणि वरचं नायॉशचं सूत्र एका हाताने किंवा बसून उचलण्याला चालत नाही, ट्रॉली ढकलण्यालाही नाही. कुठेही लावत सुटू नका.

अहवाल लिहाल तेव्हा पहिल्या पानावर अंतर, उंची, वजन आणि वेग येऊ द्या. ‘कामगारांना प्रशिक्षण द्यावे’ ही ओळ अगदी शेवटी, तीही कामाची जागा बदलून झाल्यावरच.