गाता येत नाही, बोलता येत नाही, फक्त शिलाई येते. मग मंडळीत (चर्चमध्ये) सेवा काय करू, असं तुम्ही विचारता.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 9 काढा. यापोची टबीथा वारली तेव्हा विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याला काय दाखवत होत्या? तिने शिवलेले अंगरखे. तिचं एकही प्रवचन तिथे नोंदलेलं नाही.

तुम्ही सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर बसता म्हणता. मग हात तयार आहे. जूनच्या आधी आमच्या मंडळीतल्या एक मावशी कटिंगचे उरलेले तुकडे मालकाला विचारून आणतात (विचारून, हे महत्त्वाचं) आणि संडे स्कूलच्या पोरांची दप्तरं शिवतात. बंदाला दुहेरी टीप मारतात, कारण पोरं दप्तर बंदाला धरूनच फरफटत नेतात. त्यांना गायनसंघात कुणी पाहिलेलं नाही.

मत्तय 25 मधल्या दाखल्यात मालक परदेशी जाताना दासांकडे पैसे सोपवतो; ज्याला एकच तालंत मिळाला त्याने तो जमिनीत पुरून ठेवला. एक तालंत म्हणजे 6,000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. जवळजवळ वीस वर्षांची मजुरी! ‘माझ्याकडे एकच तर आहे’ असं म्हणताना हा हिशेब आठवा. मला स्वतःला तो फार उशिरा कळला. तोवर बेसूर गळ्याने गायनसंघात उभा राहायचो, आता दानपेटीचा हिशेब लिहितो आणि सगळेच सुखी आहेत.

एकच सांभाळा, जेवढं झेपेल तेवढंच कबूल करा. नाताळच्या नाटकाचे वीस झगे ‘हो हो’ म्हणून घेऊन 23 डिसेंबरला हात वर करू नका. या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना सरळ सांगा, ‘मला शिवता येतं, शनिवारी दोन तास देईन.’