कराटेचे सर म्हणाले, 'घरी सांगायचं नाही'

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. शाळा खाजगी, विनाअनुदानित. शाळा सुटल्यावर आवारातच आठवड्यातून तीन दिवस कराटेचा वर्ग असतो. फी शाळेच्या पावतीवर भरतो, शिकवणारे सर बाहेरच्या अकादमीचे. पहिलीपासून मुलगा एका मित्राबरोबर डबा बदलून खायचा. याचं थालीपीठ, त्याचा पराठा. गेल्या महिन्यात ते अचानक बंद झालं. मग गृहपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला वर्गातल्या मुलांच्या नावांच्या दोन रांगा दिसल्या. एकीवर लिहिलं होतं 'आपले', दुसरीवर 'ते'. विचारलं तर म्हणाला, वर्ग संपला की सर चार-पाच जणांना थांबवतात, मोबाइलवर मारामारीचे व्हिडिओ दाखवतात, मूठ आवळून शपथ घ्यायला लावतात आणि 'घरी सांगायचं नाही' म्हणतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, '12:30 नंतर आमची जबाबदारी नाही. पटत नसेल तर एल.सी. घेऊन जा.' यजमानांना भीती आहे की पोलिस मुलाला चौकीत बोलावतील. दुसरी एक आई म्हणते, सगळं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू. इंग्लंडमधल्या लेस्टरची नणंद सांगते, तिकडे प्रत्येक शाळेत यासाठी माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे काही कायदा आहे का?

उत्तर : ताई, पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'घरी सांगायचं नाही' या तीन शब्दांपाशी थांबलो. मुलांच्या केसेस चालवताना हे वाक्य कानावर येतंच. कधी ते शिकवणीच्या सरांचं असतं, कधी मुलांची शाळेत ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्या काकांचं, कधी नात्यातल्या दादाचं. पुढे काय दडलेलं असतं ते दर वेळी वेगळं, पण सुरुवात याच वाक्याने होते. म्हणून तुमच्याकडे दोन शंकांचा विचार करायला हवा. एक तुम्ही लिहिलेली, की मुलाच्या डोक्यात कोणीतरी द्वेष भरतोय. दुसरी तुम्ही लिहिलेली नाही. ते व्हिडिओ फक्त मारामारीचेच आहेत ना? सर मुलांना एकेकटं थांबवतात का? अंगाला हात लावतात का?

हे मुलाला विचारायचं कसं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. एकदाच विचारा, निवांत वेळी, यजमानांनी शेजारी उभं न राहता. 'सरांनी तुला अमुक केलं का?' असं विचारू नका. 'वर्ग संपल्यावर काय काय करता रे?' एवढं विचारा आणि गप्प बसा. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, चुका न सुधारता, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. मग पुन्हा पुन्हा खोदू नका. आजीसमोर, मावशीसमोर, शेजारणीसमोर त्याला तेच वदवून घेतलं, तर उद्या कोर्टात समोरचा वकील पहिलंच वाक्य बोलेल की मूल पढवलेलं आहे. समोरच्या बाजूला असतो तर मीही तेच बोललो असतो.

ती वही जपा. पान फाडू नका, 'ते' खोडायला लावू नका, वही झाली म्हणून रद्दीत घालू नका. मोबाइलवर पानाचा फोटो काढा, पण मूळ वही कपाटात राहू द्या.

आता कायदा. 'लहान मुलांना कट्टर बनवणे' अशा नावाचं स्वतंत्र कलम आपल्याकडे शाळांसाठी नाही. नणंद म्हणते ते खरं आहे. इंग्लंडमध्ये 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने मुलं कट्टरतेकडे ओढली जाऊ नयेत हे बघण्याचं कर्तव्य शाळांवर टाकलं आहे, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत एक जबाबदार शिक्षक नेमलेला असतो. पण तिकडचं सगळंच उचलण्यासारखं नाही. ल्यूटनच्या एका बालवाडीतलं प्रकरण 2016 मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांत गाजलं होतं. चार वर्षांच्या मुलाने वडील काकडी कापताहेत असं चित्र काढलं, आणि त्याचं बोबडं 'क्युकंबर' बाईंना 'कुकर बॉम्ब' ऐकू आलं. मुलाला कट्टरताविरोधी कार्यक्रमाकडे पाठवायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा तुमच्या मुलाने 'आपले' आणि 'ते' लिहिलं म्हणून तो बिघडला, असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना आवरा. आठ वर्षांचं पोर मोठ्यांनी दिलेल्या याद्या उतरवून काढतं.

आपल्याकडे नेमलेला माणूस नसला तरी पकडायला दोरे बरेच आहेत. सगळ्यात उपयोगी दोरा तुम्हाला कोणी सांगितला नसणार. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत तिसरा नियम आहे. मुलांच्या नेहमी संपर्कात येणाऱ्या संस्थांनी, म्हणजे शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या यांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यायची, मग तो शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी. मुख्याध्यापिका ज्या 'बाहेरच्या' माणसाचं नाव सांगून हात झटकताहेत, तो अकादमीचा माणूस धरला तरी नियमात येतो आणि शाळेचा कंत्राटी धरला तरी येतो. त्यांना लेखी विचारा : या सरांची पडताळणी केव्हा झाली, कोणी केली, प्रत दाखवा. बाकी दहा प्रश्नांना शाळा गोल गोल उत्तरं देईल. या प्रश्नाला एकतर कागद आहे, किंवा नाही.

'12:30 नंतर जबाबदारी नाही' हे काही टिकत नाही. आवार शाळेचं, पावती शाळेची, गेटवरचा वॉचमन शाळेचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये शाळा-व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा रोखच हा आहे की मूल आवारात किंवा शाळेच्या वाहनात असेतोवर ते शाळेच्या हवाली आहे. आणि बडोद्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, तेव्हा बोट काही शाळेची नव्हती. तरी शाळेने काय बघायला हवं होतं, हा प्रश्न गावात प्रत्येकाने विचारलाच.

शिक्षणहक्क कायद्याचं, 2009 च्या, कलम 17 मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तुमची शाळा खाजगी असली तरी ते लागू आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवलं. तुमची तशी असेल तर मला कळवा, मग मांडणी बदलेल.) आणि ती शपथ धर्माच्या नावाने घेववली जात असेल, तर राज्यघटनेचं कलम 28(3) आहे : शासनमान्य शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. तुम्ही संमती कराटेला दिली आहे.

फौजदारी बाजू जरा गुंतागुंतीची आहे. बालन्याय कायदा 2015, कलम 75 : मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण मानसिक यातना होतील असं वागवलं, तर शिक्षा, संस्थेचा माणूस असेल तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड. पण 2021 च्या दुरुस्तीने या कायद्यातले 3 ते 7 वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले, म्हणजे ठाणे अंमलदार 'कोर्टातून ऑर्डर आणा' म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. त्याच कायद्याचं कलम 83 मुलांना बेकायदा कामांना जुंपणाऱ्यांसाठी आहे. सरांनी मुलांना अजून काही करायला लावलेलं नाही, तोवर ते ओढूनताणून लावू नका. समाजासमाजात वैर पसरवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम 196 दखलपात्र आहे, मात्र खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या हातात तो व्हिडिओ नाही. फक्त मुलाच्या सांगण्यावर आजच तिथून सुरुवात करू नका.

यजमानांची भीती मला कळते, पण तिला कायद्यातच उत्तर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 179 प्रमाणे 15 वर्षांखालच्या मुलाला साक्षीदार म्हणून पोलिस घराबाहेर कुठेही बोलावू शकत नाहीत. विचारायचं असेल तर त्यांनी तुमच्या घरी यायचं.

मुलाच्या बोलण्यातून लैंगिक काही निघालं, अश्लील व्हिडिओ असो की नको तिथे स्पर्श, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांत जा, किंवा मुलांच्या मदतवाहिनीला, 1098 ला, फोन करा. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ते कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे आणि मुख्याध्यापिकांवरही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर 1 वर्षापर्यंत कैद आहे. तिथे जबाब पोलिसांनी मुलाच्या घरी, वर्दी न घालता, तुमच्या समोर घ्यायचा असतो.

एल.सी.ची धमकी पोकळ आहे. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याचं कलम 16. एल.सी. पालक मागतो. शाळेने ती हातात टेकवायची नसते. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड व्हायचा. त्याच गावात आज मुख्याध्यापिका आईला म्हणतात, घेऊन जा!

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र काही टाकू नका. पुरावा नसताना सरांचं नाव टाकलंत तर बदनामीची नोटीस तुम्हाला येईल. व्हिडिओ हाती लागला आणि पुढे पाठवलात तर पसरवणाऱ्यांत तुम्ही. आणि चौकशी सुरू झाली की त्यातल्या मुलाची ओळख उघड करणं बालन्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. त्या दुसऱ्या ताईंना सांगा, त्यांच्या मुलाचं म्हणणं त्यांनीही वेगळं, आपापलं लिहून काढावं. दोघींनी मिळून एक मजकूर करू नका.

आणखी एक मूल आहे यात, डबा बदलून खाणारा तो मित्र, ज्याचं नाव 'ते'च्या रांगेत असणार. वर्गात डबा एकाएकी बंद झाला, म्हणजे त्याला काहीतरी समजलं असणारच. कलम 17 चा मानसिक छळ बघायचा तर त्याची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम आहे. त्याच्या आईला भेटा. कठीण आहे, माहीत आहे. वही दाखवू नका, पण डबा का थांबला ते तुमच्या तोंडून कळू द्या. त्यांनी अर्ज द्यायचं ठरवलं तर तो शाळेला तुमच्यापेक्षा जड जाईल, आणि नाही ठरवलं तर तोही त्यांचा हक्क.

मुलाला कराटेतून आजच काढा, शाळेतून नाही.

अर्ज एका पानाचा करा. काय घडलं ते तारखांसकट, मुलाचे शब्द अवतरणात, 'कट्टरता' वगैरे विशेषणं नकोत. मागण्या तीन : सरांच्या पडताळणीची प्रत, चौकशी होईतो त्यांना मुलांपासून दूर ठेवणं, आणि 7 दिवसांत लेखी उत्तर. वर मुख्याध्यापिका, खाली प्रत जिल्हा शिक्षणाधिकारी आणि बालकल्याण समितीला. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. शाळेला ते ठाऊक असतं. उत्तर आलं नाही तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार, त्यांनी 3 महिन्यांत निकाल द्यायचा, आणि त्यावर अपील गुजरातच्या बालहक्क आयोगाकडे.

ऑफिसात पोच द्यायला, शिक्का मारायला टाळाटाळ करतील. तिथे आवाज चढवू नका, मुलगा त्याच जिन्यावरून रोज जातो. सरळ रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा आणि पावती त्या वहीच्या पुठ्ठ्याला टाचून ठेवा.