गावाची नगरपंचायत झाली तर शेतकऱ्याचा फायदा होतो की तोटा?

तुम्ही विचारलंय, "आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत होणार असं ऐकतोय. घरी आठ एकर शेती आहे. फायदा होईल की तोटा? आणि विरोध करायचा तर काय करावं लागतं?"

शेतकरी म्हणून विचारत असाल तर तोटा. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं वाचू नका, कारण पुढे माझ्या कोठ्याची, म्हणजे गुरांच्या गोठ्याची, गोष्ट आहे आणि ती लांब आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर आमचे दादा उद्या सकाळी दारात. दादा म्हणजे मोठेबाबांचे, वडिलांच्या थोरल्या भावाचे, थोरले चिरंजीव. २०१४ मध्ये सरकारनं ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत शोभत नाही, सगळीकडे नगरपंचायती करायच्या. लोकसंख्या किती, बाजारपेठ आहे की नाही, फार पाहिलं नाही. तिकडे गडचिरोलीच्या जंगलातलं एवढंसं भामरागडही नगरपंचायत आणि आमचंही गाव नगरपंचायत. दोघांनाही सदस्य सतराच.

त्या वर्षी १५ ऑगस्टला शाळेत झेंडा झाला, पोट्टे बुंदी घेऊन पळाले आणि व्हरांड्यात ग्रामसभा बसली. सचिवांनी विषय वाचला. (आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिवच म्हणतात. २०२४ पासून सरकार त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतं, पण आमच्या तोंडात ते काही बसत नाही.) मी उभा राहिलो आणि विचारलं, रोजगार हमीतून विहीर मिळते, कोठा मिळतो, पंचायत समितीतून ताडपत्री न् फवारणीचा पंप मिळतो, ते उद्या कुठून मिळेल? सचिवांनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी पंख्याकडे. तेवढ्यात दादा मागून बोलले, "याले जलमभर बंडीतच बसाचं हाये! आपल्याले शहर होऊ द्या न बापा."

बंडी म्हणजे बैलगाडी. सगळा व्हरांडा हसला. आमच्या शेजारचाही हसला, त्याच्याकडे तर माझ्यापेक्षा दोन ढोरं जास्त.

ठराव झाला. पण मी खाली बसलो नाही. माझा विरोध प्रोसिडिंगमध्ये लिहा म्हणून अडून बसलो आणि सचिवांना लिहावा लागला. एक ओळ. ते रजिस्टर आता कुठल्या कपाटात आहे देव जाणे. २०१५ मध्ये पाटी बदलली, निवडणूक होईपर्यंत तहसीलदार प्रशासक, आणि दादांनी फटाके फोडले.

पाट्या बदलायचा आमच्या मुलखाला तसा जुनाच नाद. १९४८ च्या कायद्यानं मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या, १ मे १९६२ ला त्यांच्या जागी जिल्हा परिषद न् पंचायत समिती आली. आमचे मोठेबाबा मरेपर्यंत पंचायत समितीला "जनपद"च म्हणायचे. "जनपदात चाल्लो" म्हटलं की समजायचं, बियाण्याचं काहीतरी आलंय.

तर कोठा. २०२१ मध्ये सरकारनं शरद पवार ग्रामसमृद्धी योजना काढली. दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या कोठ्याला ७७,१८८ रुपये, रोजगार हमीतून. माझी एक बैलजोडी, एक गाय, एक गोऱ्हा. कोठा होता कुडाचा, त्या सालच्या पावसात एक बाजू बसली. शेजारच्या गावचा एक दोस्त आहे, त्याचं न् माझं धुऱ्याला धुरा लागून वावर. त्यानं अर्ज केला, त्याच्या ग्रामपंचायतीचा ठराव झाला, कोठा उभा राहिला. मी कागद घेऊन पंचायत समितीत गेलो. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, गाव कोणतं? सांगितलं. त्यांनी अर्ज उघडलासुद्धा नाही.

"तुम्ही शहरी ना, भाऊ. हे ग्रामीणसाठी आहे."

माझ्या चपलेला तेव्हा शेण लागलेलं होतं. त्या बाईंची चूक नाही, रोजगार हमीचा कायदाच नगरपंचायतीची हद्द ग्रामीण मानत नाही. पण गंमत बघा, पंचायत समितीची इमारत आमच्या गावात, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटं. तिथल्या सभापतीची गाडी आमच्या रस्त्यावरून धूळ उडवत जाते. आणि तिच्या निवडणुकीत मला मत नाही. जिल्हा परिषदेच्याही नाही. वीस किलोमीटरवरून एसटीनं येणारा माणूस तिचा मतदार आणि मी तिचा शेजारी. जिल्हा परिषदेची शाळा मात्र अजून आमच्या गावात आहे. तिचं छत गळलं तर कोणाला धरायचं? नगरसेवक म्हणतो ती शाळा आमची नाही, आणि जिल्हा परिषदेला आमचा सदस्यच नाही.

शेवटी बायकोच्या बचत गटातून चाळीस हजार उचलले, अँगल न् टिना आणल्या आणि घरचाच कोठा उभा केला. विषय संपला असं वाटलं.

२०२३ मध्ये कर आकारणीची मोजणी आली. नगरपंचायतीत दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. एक पोरगा टॅब घेऊन आला, लाल ठिपक्याचं यंत्र भिंतीवर मारलं, दोन फोटो काढले, पाणी प्याला, गेला. चार महिन्यांनी नोटीस. घर: निवासी. मागची बाजू: गोदाम, बिगरनिवासी.

माझा कोठा गोदाम झाला होता. अनुदान मागायला गेलो तेव्हा मी शहरी म्हणून कोठा मिळाला नाही, आणि स्वखर्चानं बांधला तर शहरी म्हणून तो कोठाच राहिला नाही.

हरकत दिली. सुनावणीला बोलावलं. साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत, बोलायला बरे. मी फोटो दाखवला. ते म्हणाले, यात बैल बाहेर बांधलेले आहेत. म्हटलं साहेब, दिवसा बैल बाहेरच असतात. ते म्हणाले, आत बांधलेला एक फोटो असेल तर सोपं जाईल. मी रात्री आठ वाजता टॉर्च लावून दोन्ही बैलांचा गव्हाणीसकट, कुटारासकट फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. गोदाम कटलं. ही माझी आजपर्यंतची नगरपंचायतीतली एकमेव विजयी लढाई.

त्याच आठवड्यात दिवे लागायच्या वेळेला दादा घरी आले. पिशवीतून नोटीस काढली. त्यांच्या समोरच्या दोन खोल्या भाड्यानं आहेत, एकीत पानठेला. कर आधीच्या तिपटीच्या वर गेला होता. म्हणाले, "ते हरकतीचं तेवढं लिहून दे, तुले जमते." मी म्हटलं, "दादा, घरात बसून लिहू का बंडीत बसून?" ते काही बोलले नाहीत. चहा झाला. मी दोन पानं लिहून दिली, मन लावून लिहिली. भाऊ आहेत शेवटी.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कोठ्यावरच अडकला. अडकलोच आहे. पण मुद्दा पैशाचा एकट्याचा नाही. ग्रामपंचायतीत वर्षातून निदान चार वेळा ग्रामसभा घ्यावी लागते, तिथं कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला हिशोब विचारू शकतो आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावू शकतो. नगरपंचायतीत ही चीजच नाही. तिथं सतरा नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी, तोही बदलीवर आलेला. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर निवेदन द्या, आवक नंबर घ्या आणि झेरॉक्सवर शिक्का मारून घरी फाईलला लावा. माझ्या घरासमोरच्या नालीची अशी सात निवेदनं माझ्याकडे आहेत. नाली तशीच.

ग्रामसभा फार पवित्र होती असंही म्हणत नाही. कोरम म्हणजे शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते. तेवढे जमत नसत, सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग सरपंचाच्या घरची माणसं बसून ठराव उरकायची. पानठेल्यावर रजिस्टर फिरवून सह्या घेतलेल्या मी स्वतः पाहिल्यात, एकदा केलीही आहे. तरी दार होतं. ढकललं तर उघडायचं.

आमच्याकडे दोन्ही वेळा नगराध्यक्ष सदस्यांतून झाला. म्हणजे सतरातले नऊ सांभाळले की झालं, आणि ते कसे सांभाळतात, कोणत्या लॉजवर नेऊन ठेवतात, ते तुम्हाला सांगायला नको. आता कायदा बदलून थेट निवडणूक केली आहे, बघू. वॉर्ड मात्र इतके लहान की चार मोठी घरं फिरली की नगरसेवक फिरतो. आमच्या वॉर्डात मागच्या वेळी निकाल अकरा मतांनी लागला आणि त्यातली नऊ मतं एकाच वाड्यातली, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

विरोध कसा करायचा हे विचारलंत. आधी प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकती मागवतात, साधारण ३० दिवसांची मुदत असते, हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. त्या तीस दिवसांत झोपू नका. ग्रामसभेचा विरोधी ठराव जोडा, पण नुसत्या ठरावावर भरोसा ठेवू नका, घरटी वेगळी हरकत द्या. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहू नका. किती खातेदार शेतकरी, किती जॉबकार्ड, किती घरं कुडामातीची, ते आकडे तुमच्याच ग्रामपंचायतीत आहेत, ते टाका. ऐकतीलच असं नाही. आमचं कोणी ऐकलं नाही, पण आमच्याकडून हरकतच मुळात बारा-तेरा गेल्या होत्या.

गडचिरोलीकडचे, पेसा क्षेत्रातले, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातले असाल तर प्रकरण आणखी वेगळं. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला तेंदू, बांबू, जमीन यावर जो अधिकार दिला तो नगरपंचायत झाली की कुठे राहतो? राज्यघटनेतला नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, त्यासाठी संसदेचा वेगळा कायदा हवा. २००१ मध्ये तसं विधेयक आलं आणि तसंच पडून राहिलं. तरी पाट्या लागल्याच. तिथं वकील धरा, माझ्यासारख्याचं ऐकू नका.

दुसरी बाजू लिहिली नाही तर लबाडी होईल. सातबारा, तलाठी, पीएम किसान यात काही फरक पडत नाही, ते महसूलचं न् कृषीचं काम. घरकुलाला नगरपंचायतीत पैसे जास्त मिळतात. ग्रामीणला १ लाख २० हजार होते तेव्हा शहरीला अडीच लाख. माझ्या धाकट्या भावाला मिळाले, घर चांगलं झालं. त्याच्या घराची आखीव पत्रिका (भूमापनाचा मालकीचा कागद) होती म्हणून. गावठाणातल्या ज्यांच्याकडे नमुना आठशिवाय (ग्रामपंचायतीच्या घरकराच्या उताऱ्याशिवाय) कागद नाही ते अजून मोजणीच्या मागे फिरताहेत. रस्ते सिमेंटचे झाले, मान्य. दिवे एलईडी झाले, मान्य. बाजार चौकात रात्री आता उजेड असतो आणि दादा रोज तिथं बसून मला तो दाखवतात. दुकानदार असाल, प्लॉट पाडणारे असाल, तर तुमचा फायदाच आहे, माझं उत्तर सोडून द्या.

ग्रामपंचायतीच्या जुन्या माणसांचंही बघा. आमचा चपराशी, ज्यानं वीस वर्षं नळ सोडला, त्याचं समावेशन व्हायला वर्षं गेली. तोवर तो ना इकडचा ना तिकडचा, नळ मात्र रोज पहाटे तोच सोडायचा.

आणि एक काम उद्याच करा, होणार असो की नसो. घराच्या, कोठ्याच्या, वाड्याच्या नमुना आठचा उतारा आत्ताच काढून ठेवा. कोणाच्या नावावर, बांधकाम कशाचं, वापर काय, सगळं नीट लिहिलंय का वाचा आणि शिक्का उमटलाय का पाहा. पाटी बदलली की जुनी रजिस्टरं गोणीत जातात, मग सचिवही हात वर करतात. माझ्या उताऱ्यावर "गुरांचा कोठा, कुडाचा" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सुनावणीत साहेबांनी बैलांच्या फोटोआधी तेच बघितलं. २०१५ मध्ये, पाटी बदलायच्या आधी महिनाभर काढला होता मी तो.

दादांनी काढला नव्हता.