तीन एनपीएम पॅकेजं जोडून ब्राउझरसाठी एकच लायब्ररी कशी बनवायची?

रक्कम, तारीख आणि फॉर्म-तपासणी अशी तुमची तीन पॅकेजं नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) चालतात, पण स्क्रिप्ट टॅग लावला की 'रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड' येतं. येणारच. रिक्वायर नोडचं आहे, ब्राउझरला ते ठाऊकच नाही. इम्पोर्ट त्याला कळतं, पण नुसतं पॅकेजचं नाव दिलं तर फाईल कुठे आहे हे इम्पोर्ट मॅपशिवाय सापडत नाही. हा शोध बंडलर (अनेक फाईली जोडून एक करणारं साधन) आधीच घेऊन ठेवतो.

तुम्ही तिन्ही वेगवेगळी बंडल करणार म्हणताय. तेवढं करू नका. मी केलं होतं. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांचं ऑर्डरचं पान होतं. दशांशाचा हिशोब करणारी एकच लायब्ररी माझ्या दोन पॅकेजांत दोनदा भरली गेली. एकाने बनवलेली रक्कम दुसऱ्याला रक्कम वाटेचना, कारण क्लासच्या प्रती दोन, मग इन्स्टन्सऑफ (वस्तू त्या क्लासची आहे का, ही तपासणी) खोटंच येणार. शेठ फोनवर 'बिल होईना ओ' म्हणतायत आणि माझ्या मशीनवर सगळं सुरळीत! दोन दिवस गेले.

आता मी असं करतो. तिन्ही पॅकेजं एकाच रिपोत, एनपीएम वर्कस्पेसेस वापरून (एका रिपोतली अनेक पॅकेजं एकत्र सांभाळायची सोय, एनपीएम ७ पासून आहे). त्यांना बंडल करायचं नाही, साधे ईएस मॉड्यूल (इम्पोर्ट-एक्सपोर्टवाल्या फाईली) म्हणून ठेवायचे. सामाईक लायब्ररी पीअर डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेज स्वतःची प्रत आणत नाही, वापरणाऱ्याकडची एकच प्रत सगळे वापरतात. वर चौथं चिमुकलं पॅकेज, त्यात एकच फाईल: तिघांतलं जे बाहेर द्यायचं ते नावानिशी एक्सपोर्ट. सगळं एका ऑब्जेक्टमध्ये कोंबून डिफॉल्ट एक्सपोर्ट केलंत, तर न वापरलेला कोड बंडलर सहसा गाळू शकत नाही.

रोलअप किंवा ईएसबिल्ड या बंडलरकडे जातं ते फक्त हे चौथं. त्यातून दोन फाईली काढा. ज्यांच्याकडे स्वतःचा बंडलर आहे त्यांना ईएसएम (ईएस मॉड्यूल), त्यात सामाईक लायब्ररी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच ठेवलेली. स्क्रिप्ट टॅगवाल्यांना आयआयएफई (लोड होताच स्वतः चालणारं फंक्शन), एका ग्लोबल नावासह, त्यात ती आतच भरलेली. पॅकेज-जेसनमध्ये साइडइफेक्ट्स फॉल्स (म्हणजे 'न वापरलेल्या फाईली गाळल्या तरी चालेल') लिहिताना जपून: एखादी फाईल नुसती इम्पोर्ट झाल्यावर अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपला काही चिकटवत असेल, तर ती गुपचूप गळते आणि कुणी सांगत नाही.

आणि हो, रकमेचं पॅकेज लागतंय का तेही बघा. लाख-कोटींचे स्वल्पविराम ब्राउझरमधलं इंटल-नंबरफॉरमॅट 'ईएन-आयएन' दिल्यावर स्वतःच टाकतं, 'एमआर-आयएन' दिलं तर आकडेही देवनागरी. मी माझं त्या भागाचं सगळं काम पुसून टाकलं.

बिल्ड झालं की कोऱ्या एचटीएमएल पानात आयआयएफई फाईल लावा आणि कन्सोलमध्ये ग्लोबल नाव टाका. तिन्ही पॅकेजांतली फंक्शनं तिथे दिसायला हवीत. न दिसल्यास चौथ्या पॅकेजची ती फाईल इथे टाका, बघतो.