ज्युनिअर इयरचं दडपण आणि घरात न झालेलं पैशांचं बोलणं

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘लेक हायस्कूलला अकरावीत आहे. तिचा जन्म इथलाच, आम्ही दोघं मात्र अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. जीपीए, म्हणजे सरासरी गुण, ३.७; कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत पहिल्या वेळी १६००पैकी १२९०. दर शनिवारी लायब्ररीत छोट्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करते. बाकी सांगण्यासारखं काही नाही. ओळखीच्या एका घरात नववीपासून कन्सल्टंट लावलाय, मुलाच्या नावाने संस्था काढलीय, कुठेतरी पेपर छापून आणलाय. ह्यांचं म्हणणं, आपणही आता काहीतरी करायला हवं. मी सांगलीची. बारावी झाली, सीईटी झाली, यादीत नाव लागलं, संपलं. इथलं काही उमजत नाही. तिला विचारलं तर “मी बघते गं” म्हणते आणि दार लावून घेते. हायस्कूलच्या पदवीपर्यंत सगळं नीट होईल ना? मी काय करू?’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात जीपीए आहे, शेजारपाजार आहे, काळजी तर ओळीओळीत आहे. पैशांविषयी मात्र अवाक्षर नाही. त्यावर मला बरंच बोलायचंय. आधी शाळेतलं उरकते, कारण त्यातलं काही या महिन्याभरातच करायचं आहे.

आपल्याकडे एका परीक्षेवर सगळं ठरायचं. इथे चार वर्षांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, जाते आणि पुढच्या शरद ऋतूत अर्ज करताना कॉलेजला दिसणारं शेवटचं पूर्ण वर्ष हेच असतं, अकरावीचं. म्हणून सध्याचं सेमिस्टर तिच्यासाठी कुठल्याही क्लासपेक्षा मोलाचं आहे. सिनिअर इयरचे, म्हणजे बारावीचे, विषय साधारण याच दिवसांत निवडायचे असतात. गणित सोडू देऊ नका, आणि पाच-पाच एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) घेऊन ती रात्रभर जागणार असेल तर तेही नको. तिच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं तिने काय घेतलं, हे कॉलेजं ताडून बघतात. शाळा स्वतःची माहिती अर्जासोबत पाठवतेच. बारावीतले पहिल्या सत्राचे मार्कही जातात, आणि प्रवेश मिळाल्यावर अभ्यास सोडून दिला तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात.

हायस्कूलच्या पदवीचं म्हणाल, तर न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट्स लागतात आणि अकरावीच्या वसंतात इंग्रजी-गणिताची राज्याची परीक्षा असते. त्यात कमी पडलं तर पर्यायी वाटा आहेत, घाबरू नका. लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी. अर्थसाक्षरतेचा अर्ध्या वर्षाचा कोर्स राज्यात सक्तीचा आहे, आणि चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला एक मुलगा एप्रिलमध्ये तो कोर्स धावतपळत पूर्ण करताना मी पाहिला आहे. चार वर्षांत कोणी यादी तपासलीच नव्हती. तेव्हा लेकीला शाळेतल्या तिच्या काउन्सेलरकडे, म्हणजे मार्गदर्शकाकडे, जाऊन एकच प्रश्न विचारायला सांगा: माझं काय राहिलंय?

तिला सांगा, असं मुद्दाम म्हटलं. ईमेल तुम्ही करू नका. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी आमच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. पुष्कळ शाळांत त्याहून जास्त असतात. मीही याच कामात आहे म्हणून सांगते, वर्षातून तीनदा स्वतःहून येऊन बसणाऱ्या मुलीबद्दल मला कॉलेजला दोन पानं लिहिता येतात. जिच्याबद्दल फक्त तिच्या आईची पत्रं आली, तिच्याबद्दल काय लिहायचं? शिक्षकांचंही तसंच. शिफारसपत्रासाठी अकरावीतल्या दोन शिक्षकांना तिने सुट्टी लागायच्या आत, मे महिन्यातच, समोर जाऊन विचारावं. सर्वांत जास्त मार्क मिळालेलाच विषय निवडायला हवा असं नाही. जिथे ती झगडली आणि सावरली, तिथले शिक्षक अधिक खरं लिहितात.

बऱ्याच शाळा पालकांनाही एक प्रश्नावली देतात. ती आली की ‘मेहनती’, ‘जबाबदार’, ‘हुशार’ असले शब्द लिहू नका, एखादा प्रसंग लिहा. आधी मराठीत लिहून काढा, मग इंग्रजी करा. आईच्या भाषेत लिहिलं की नेमकं तेच आठवतं जे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

एसएटी आता संगणकावर असते, सव्वादोन तासांची. १२९० वरून पुढे सरकायला भरपूर वाव आहे. मे किंवा जूनमध्ये पुन्हा द्यावी, वाटलं तर ऑगस्टमध्ये अजून एकदा. खान अकॅडमीवरचा सराव फुकट आहे आणि नीट केला तर पुरेसा आहे. एमआयटीसारख्या काही ठिकाणी स्कोअर सक्तीचा आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठात तो बघतच नाहीत, अनेक ठिकाणी पाठवायचा की नाही हे तुमच्या हातात असतं. यादी ठरल्यावर प्रत्येकाचा नियम त्यांच्याच साइटवर बघा. यावर याहून जास्त झोप घालवू नका.

आता त्या संस्थेचं आणि पेपरचं. मला याबद्दल चीड येते, आणि ती मी लपवणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या नावाने आईबापांनी काढलेली संस्था अर्ज वाचणाऱ्यांनी शेकड्यांनी पाहिलेली असते. तुमची लेक दर शनिवारी उठून लायब्ररीत जाते, हे तुम्ही ‘बाकी सांगण्यासारखं काही नाही’च्या आधी लिहून मोकळ्या झालात! तिला विचारा, कुठलं पोर पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसलं होतं आणि आता पुस्तक ओढून घेतं? कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जात, दहा उपक्रमांची जागा असते आणि त्यात दुकानातली नोकरी, घरात सांभाळलेली भावंडं, आजीची देखभाल हे सगळं चालतं. अर्ज १ ऑगस्टला उघडतो, मुख्य निबंध ६५० शब्दांचा. तो तिला जुलैत एकटीला लिहू द्या. आणि मराठी शाळेत ती जात असेल, लिहिता-वाचता येत असेल, तर ‘सील ऑफ बायलिटरसी’बद्दल शाळेत चौकशी करा. हा द्वैभाषिकतेचा शिक्का न्यू जर्सीत २०१६ पासून राज्यमान्य आहे, ट्रान्सक्रिप्टवर उमटतो, आणि मराठीचीही परीक्षा देता येते.

आता पैसे. आपल्या घरांत हा विषय मुलांसमोर काढत नाहीत. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू’ हे वाक्य मी इथल्या कितीतरी मराठी घरांत ऐकलंय. त्यामागची माया मला कळते, पण एप्रिलमध्ये प्रवेशाची पत्रं आल्यावर हेच वाक्य घर फोडतं. मुलगी महिनाभर स्वप्नात असते आणि बाबा पहिल्यांदाच आकडा बघून गप्प होतात. मी असे एप्रिल फार पाहिलेत.

तुमची मुलगी नागरिक आहे, म्हणून तुमचा व्हिसा कुठलाही असला तरी फॅफ्सा, म्हणजे केंद्रीय मदतीचा अर्ज, तिला भरता येतो. (हे वाचणाऱ्या ज्या घरांत मूल स्वतः एच-फोरवर, म्हणजे आईबापांवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे, त्यांना ही मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी ते अवलंबित्व संपतं. तुम्ही वकिलाला आत्ताच भेटा.) हा अर्ज साधारण १ ऑक्टोबरपासून भरता येतो आणि तो उत्पन्न बघतो ते दोन वर्षं मागचं. म्हणजे तिच्यासाठी नुकतंच डिसेंबरात संपलेलं वर्ष. या एप्रिलमध्ये तुम्ही जो टॅक्स भरणार, तोच कागद. तुमचं राहतं घर आणि निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक त्यात मोजत नाहीत, पण सांगलीतला प्लॉट किंवा पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर तो मोजला जातो आणि सांगावाच लागतो. काही खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा दुसरा अर्ज मागतात, तो आणखी खोलात शिरतो. विद्यार्थिनीच्या नावावर पहिल्या वर्षी मिळणारं केंद्रीय कर्ज सहसा जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, तेव्हा ‘कर्ज काढू’ या शब्दावर विसंबू नका. उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर असतं.

कॉलेजांच्या साइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, केंद्रीय मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो ठेवावाच लागतो. रटगर्स (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ), एक महागडं खासगी आणि तिच्या मनातलं एक, अशा तीन कॉलेजांचे आकडे तुम्ही तिघांनी मिळून काढा. हे झाल्याशिवाय ‘अर्ली डिसिजन’चं नाव काढू नका. त्यात प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्यांनी बांधलं जातं, आणि मग दुसऱ्या कॉलेजच्या मदतीशी तुलना करायला जागा राहत नाही.

आणखी एक वाट सांगते, जी आपल्या लोकांना कमीपणाची वाटते. अकरावीच्या किंवा बारावीच्या अखेरीस वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांना ‘एनजे स्टार्स’ या राज्याच्या शिष्यवृत्तीतून आपल्या काउंटी कॉलेजची शिकवणी फी माफ होऊ शकते. तुमचं तर मिडलसेक्स कॉलेज एडिसनमध्येच आहे. तिथली दोन वर्षांची असोसिएट पदवी राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत पहिली दोन वर्षं म्हणून धरली जाते, तसा राज्याचा करार आहे. पुढे पदवीच्या कागदावर नाव त्या विद्यापीठाचंच येतं. तिने हीच वाट घ्यावी असं मी म्हणत नाही, पण ती तुमच्या टेबलावर असू द्या.

राहिलं ते बंद दार. आठवड्यातून एक तास ठरवा, समजा रविवारी संध्याकाळी. कॉलेजबद्दल जे बोलायचं ते तेव्हाच. बाकीचे सहा दिवस जेवताना, गाडीत, मंडळाच्या कार्यक्रमात कॉलेजचा ‘क’ही काढायचा नाही, आणि हा नियम तिच्या बाबांनाही लागू. पहिले दोन रविवार ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल. बसू द्या.

या रविवारी मात्र तुम्ही तिला काही विचारू नका. गेल्या वर्षीचे पगाराचे कागद, बँकेतली शिल्लक आणि दरवर्षी किती देता येतील तो खरा आकडा एका कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवा. जूनमध्ये शाळा संपली की मला पुन्हा लिहा, आणि तोवर तिने स्वतः यादीत कुठली कॉलेजं घातली ते कळवा.