तिसऱ्यांदा ‘नीट’ कोणासाठी?

प्रश्न: मुलाने पशुवैद्यकीयसाठी दोनदा ‘नीट’ दिली, दोन्ही वेळा प्रवेश हुकला. लातूरला तिसऱ्यांदा रिपीटर बॅचची फी भरली आहे. तो मात्र रायडिंग क्लबच्या नालबंदाकडे, म्हणजे घोड्यांची खुरं छाटून नाल ठोकणाऱ्याकडे, जाऊन बसतो. फोनमध्ये नोट्सऐवजी घोड्यांच्या खुरांचे फोटो सापडले, म्हणून फोन काढून घेतला. त्यातले दोन सोबत पाठवतो आहे. घोड्याची नखं कापायला का याला सायन्सला घातलं? नातेवाइकांना काय सांगू? – एक पालक, पुणे

उत्तर: तुम्ही पाठवलेले फोटो मी घोड्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्य मैत्रिणीला दाखवले. एकाच घोड्याचा तोच पुढचा पाय, कॅमेरा जमिनीलगत धरून बाजूने टिपलेला. पहिल्यात खुराचं टोक वाढून पुढे गेलंय, टाच दबलीय. दुसरा छाटणीनंतरचा आहे. खुराच्या वरच्या पायाचा उतार आणि खुराच्या भिंतीचा उतार आता एका रेषेत आलाय. तिने लगेच विचारलं, “हा मुलगा कोणाकडे शिकतो?”

तुम्ही मात्र त्याचा फोन काढून घेतलात. तो आजच परत करा. दोन वर्षांत मुलाने स्वतःहून, मन लावून केलेली एवढी एकच गोष्ट तुमच्या पत्रात दिसते आणि ती तुम्ही गुन्ह्यासारखी मांडली आहे. स्पष्टच लिहितो, तिसरी फी तुम्ही नातेवाइकांपायी भरलीत. त्यांना द्यायच्या उत्तरासाठी मुलाचं अख्खं वर्ष खर्ची घालू नका. आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या उस्तादांना आपण कधी मान दिला नाही, तोच तुच्छपणा ‘नखं कापणं’ या शब्दांत डोकावतो, याचं मला वाईट वाटलं.

कारण ती नुसती नखं नव्हेत. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतं, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी छाटावं लागतं. टोक लांब राहिलं तर प्रत्येक पाऊल उचलताना पायामागच्या कंडरेवर आणि टाचेतल्या छोट्या हाडावर जादा ताण येतो. एक बाजू उंच राहिली तर वजन तिरकं पडतं आणि सांधे झिजतात. चांगला नालबंद हत्यार उचलण्याआधी घोडा कडक जमिनीवर चालवून बघतो, खुराच्या दोन्ही बाजू एकदम टेकतात का ते पाहतो, मग सुरी आणि कानस घेतो. तळवा जास्त कापला गेला तर घोडा लंगडतो. छाटणी चुकली असेल तर वर ठोकलेली महागडी नाल ती चूक झाकते, सुधारत नाही. पशुवैद्य एक्स-रे वाचून दुखणं ओळखतो, पण खूर समतोल करणारा हात बहुतेक वेळा नालबंदाचाच असतो. ब्रिटनमध्ये तर १९७५ च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय घोड्याला नाल ठोकता येत नाही आणि त्यासाठी चारेक वर्षांची उमेदवारी करावी लागते.

पशुवैद्यकीयचा रस्ता ‘नीट’मधूनच जातो, ती पुढच्या वर्षीही असेल. लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंद हा ट्रेड आहे, पण भरतीत हवा तो ट्रेड मिळेलच असं नाही.

आता मुलासाठी. बाळा, या कामात कंबर मोडते. चार-पाचशे किलोच्या जनावराचा पाय मांडीवर घेऊन वाकून राहायचं, अधूनमधून लाथही बसते. महाराष्ट्रात काम मोजक्याच ठिकाणी आहे: मुंबई-पुण्याची रेसकोर्स, घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म, रायडिंग क्लब, मोटारबंदी असलेलं माथेरान. पहिले कित्येक महिने तू फक्त घोडा धरशील आणि झाडलोट करशील. तेवढ्यानेच कंटाळलास तर हा नाद सोड. टिकलास तर मुक्त विद्यापीठातून पदवी बाजूला चालू ठेव. पुढे परदेशी शिकायला जायचं ठरलं तर ती उपयोगी पडेल.

आणि तुम्ही, लातूरची फी परत मिळते का ते विचारा. येत्या रविवारी मुलाबरोबर क्लबवर जा आणि उस्तादांशी समोरासमोर बोला: याला वर्षभर उमेदवार म्हणून ठेवाल का, रोज किती वाजता यायचं, हातखर्चाला काय मिळेल. अपघात विमा मात्र पहिल्या दिवसाआधी काढा, तो तुमच्या खर्चाने.